घरी आलेलं मड

प्रफुलचं नशीब त्या दिवशी बाथरूममधल्या एका ड्रमात होतं. तेलाची विहीर खोदताना आत जो गाळ सोडतात, त्याला त्या धंद्यात मड म्हणतात. त्याचं वजन आणि घट्टपणा सतत मोजावा लागतो, आणि त्यापायी प्रफुल बारा महिने आसामच्या रानात पडून असे. आता त्याने हे मोजमाप आपोआप करणारं यंत्र जुळवलं होतं. अकरा वाजता कंपनीचे अरुणकुमार साहेब ते मोबाइलवर बघणार होते. पसंत पडलं तर रिसालीच्या घरी बसून आकडे बघायचे, नाहीतर पुन्हा आसामची गाडी. आई शेवंताबाईंनी त्याच्या खोलीला आधीच रंग देऊन ठेवला होता.

सकाळी अंगणात उभा राहून तो जोडीदार हेमराजला फोनवर सांगत होता, "मड कालच आलं घरी. बाथरूममंधी ठेवलं. गरमीनं वास मारून राहिलं ना, अकराले उरकूनच टाकतो."

भिंतीपलीकडे मारोतराव दात घासत होते. पोलादाच्या प्लांटात जन्म गेलेल्या मारोतरावांना मड ठाऊक नव्हतं, मडं मात्र चांगलं ठाऊक होतं. त्यात प्रफुलचे वडील धोंडबा दोन दिवस दिसले नव्हते. ते लेकीकडे बोरसीला गेले होते, पण हे मारोतरावांना कोण सांगणार? त्यांनी घाईघाईने चूळ भरली आणि फोन हाती घेतला.

शेवंताबाई बाजारातून यायच्या आतच पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून घरात शिरू लागली. आईने यंत्र बघायला अख्खा मोहल्ला बोलावलेला दिसतो, असं वाटून प्रफुलला भरून आलं.

"बसा जी," तो म्हणाला. "बाहेर काढतोच आता. पहिले थोडं ढवळा लागते."

एक बाई मटकन खाली बसली.

तेवढ्यात बोरसीहून धोंडबा आले. दारात एवढी गर्दी बघून त्यांनी गुपचूप चपला काढल्या, मागे जाऊन बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

"आपला धोंडबा," मारोतराव डोळे पुसत म्हणाले, आणि मग त्यांनी वळून पाहिलं.

पुढचा गोंधळ निस्तरून ड्रम खोलीत यंत्राजवळ येतो न येतो तोच साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. खोलीभर माणसं बघून ते भडकलेच. यंत्राला माणूस लागत नाही म्हणतोस, मग ही पलटण कशाला, असं त्यांनी हिंदीत खडसावलं. प्रफुलने मोबाइल यंत्रासमोर टेकवला, सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःही बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. अंगणात सगळे दाराला कान लावून उभे राहिले. आत यंत्र एकटंच घरघरत होतं.

शेवटी आतून साहेबांची हाक आली. आकडे बरोबर होते. आसामला यायची आता गरज नव्हती. भाजीची पिशवी टाकून शेवंताबाई आनंदाने हमसून हमसून रडू लागल्या. धोंडबा पेढे आणायला धावले.

इतक्यात पद्मनाभपूरहून देवाजी हार घेऊन पोचले. धोंडबाचे जुने दोस्त ते, त्यांना निरोप उशिराच मिळाला होता. रडणाऱ्या शेवंताबाईंकडे बघून त्यांनी थेट अंत्यविधीचीच चौकशी केली.

"बाबू, माती केव्हा हाय?"

प्रफुलच्या डोक्यात अजून ड्रमातली मातीच होती. तो खदखदून हसला. "झाली ना काका. एकदम मस्त झाली."

देवाजींनी त्याला छातीशी धरलं आणि त्याची पाठ थोपटत राहिले.

"रड बाबू," ते म्हणाले, "रडून घे एकदाचा."