लिनेकरची जर्सी आणि पिवळा स्टिकर

"स्वप्ना, इथे खुर्चीवर एक जर्सी होती ना गं?"

"ती लाल, विटकी? मार्करने गिचमिड केलेली? टाकली की सकाळी जुन्या कपड्यांत."

अनुप मटकन खाली बसला. ती गिचमिड म्हणजे गॅरी लिनेकरची सही होती! शहाऐंशीच्या वर्ल्ड कपमध्ये सगळ्यांत जास्त गोल ठोकणारा हा इंग्लंडचा गडी कारकिर्दीच्या शेवटी जपानात, नागोयाला खेळला. तेव्हा त्याच्यापायी वेडे झालेले अनुपचे गुरू, मोरिता-सेन्सेई, आज त्सुकुबातल्या लॅबमधून निवृत्त होत होते. निरोप समारंभात अनुपने लिनेकरवर बोलायचं म्हणून त्यांनी जर्सी विश्वासाने त्याच्या हवाली केलेली. आणि अनुपच्या पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र सेन्सेईंच्या टेबलावर सहीविना पडलेलं. झाली का पंचाईत!

"मला काय स्वप्न पडलं होतं? तू क्रिकेट सोडून कधी काही बघतोस का?"

"भांडू नंतर. आधी पळ!"

दोघं घरातल्या चपलांवरच धावले. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीखाली एकच पिशवी उरली होती, ती यांचीच. तिच्यावर पिवळाधमक स्टिकर: चुकीचा वार, नेणार नाही. तिथेच शेजारच्या कोबायाशी आजी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आज जळाऊ कचरा! कपडे आज नाहीत! किती वेळा सांगायचं?"

"अरिगातो, आजी, अरिगातो!" पिशवी छातीशी धरून अनुप आभार मानत वाकतच राहिला. बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस आजींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्याने पाठ केलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"लिनेकरला अख्ख्या कारकिर्दीत एकदाही पिवळं कार्ड मिळालं नाही. त्याच्या जर्सीला माझ्या घरी एका रात्रीत मिळालं."

अनुपने चोरून सेन्सेईंकडे पाहिलं. मग सेन्सेई डोळ्यांतून पाणी येईतो हसले.

"अनुप-सान, जर्सी तुमच्याकडेच राहू द्या. माझ्या घरी तिला गेली तीस वर्षं धोका आहे. आणि पत्रावर सही मी दुपारीच केलीय."

अनुपचा जीव भांड्यात पडला. सेन्सेईंच्या बायकोने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग ती हळूच स्वप्नाच्या कानाशी वाकली.

"जुने कपडे गुरुवारी असतात हं. पुढच्या वेळी वार चुकवू नका."