आम्ही सात गोल खाल्ले ती संध्याकाळ

रक्त काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मी नाही म्हणत, अठ्ठावीस वर्षं माझ्यापुढे बाह्या वर करून बसलेले लोक म्हणतात. आमच्या लॅबमध्ये माझ्याच खुर्चीपुढे रांग असते. त्यातलं गुपित सुईत नाही, तोंडात आहे. पेशंट बसला रे बसला, की मी त्याला आमच्या टीमच्या त्या मॅचची गोष्ट सांगायला घेते. दंडाला पट्टा बांधताना आम्ही शून्य-तीनने मागे असतो. कापूस फिरवेपर्यंत पहिला गोल होतो, शीर सापडली की दुसरा, आणि तिसऱ्याला सुई आत. आमचा उंच फॉरवर्ड, ज्याला सगळे शिडी म्हणायचे, तो डोक्याने चौथा गोल मारतो तोवर ट्यूब भरलेली असते. पेशंट म्हणतो, "झालंसुद्धा? कळलंच नाही."

एकच बारीकशी अडचण आहे. त्या चारपैकी एकही गोल मी पाहिलेला नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबा पंप दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फिटर. दर शनिवारी हात घासूनघासून धुवायचे, तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही. त्याच हाताला धरून मी मैदानावर जायची. लाकडी फळ्यांवर बसायचं, बाबा खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढायचे, आणि जग एकदम बरं वाटायला लागायचं. तसं बरं मला पुढे फार कमी वेळा वाटलं.

त्या शनिवारी मात्र आमचं पार पानिपत झालं होतं. पंचाहत्तर मिनिटं झाली तरी शून्य-तीन. मला आठवतं ते असं, की बाबांना पहिली बस गाठायची होती म्हणून त्यांनी मला ओढत बाहेर काढलं. स्टॉपवर आलो, बसचा पत्ता नाही, आणि भिंतीपलीकडून मैदानात मोठा गलका झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"चौथा खाल्ला," बाबा म्हणाले.

पाच मिनिटांनी दुसरा गलका. "पाचवा खाल्ला." बसमध्ये चढताना तिसरा. बस मैदानाला वळसा घालत होती तेव्हा चौथा, तो तर असा की खिडकीची काच थरथरली. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सातवा."

घरी आईला सांगितलं, सात खाल्ले. आई म्हणाली, "सात? गोलकीपर काय जेवायला गेला होता?" सकाळी पेपरात आलं, आम्ही चार-तीनने जिंकलो. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, याचा मला त्या दिवशी छापील पुरावा मिळाला.

शाळेत गेले तर जो तो मॅचबद्दल बोलत होता. मी म्हटलं, "मी होते तिथे. शेवटपर्यंत." ती थाप संध्याकाळपर्यंत कारखान्यात पोचली. बाबांना फोरमननी विचारलं, "काय, लेकीला घेऊन शेवटपर्यंत थांबलास म्हणे?" बाबा हो म्हणाले. घरी येऊन मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे मी पेपरातले चारही गोल पाठ केले, आणि सांगूनसांगून ते मला दिसायलाही लागले.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ साखर तपासायला आले. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या गोलला सुई आत घातली. ते हललेच नाहीत. डोळे विस्फारून म्हणाले, "ताई, तुम्ही तिथे होतात? मी क्लबचा सेक्रेटरी. त्या मॅचला चाळीस वर्षं होतायत. आम्ही दिवा घेऊन साक्षीदार शोधतोय. तुमचे वडील आहेत?"

"आहेत," मी म्हटलं. "ब्याऐंशी वर्षांचे." नाही म्हणायची तीच वेळ होती. पण माझी सुई त्यांच्या हातात होती आणि जीभ माझ्या ताब्यात नव्हती.

"त्यांचा सत्कार करू. टीमचा मफलर गळ्यात घालू. सगळ्यांसमोर."

घरी सांगितलं तेव्हा बाबा खिडकीशी बसून रेडिओचा खटका दुरुस्त करत होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मफलर? आपल्या टीमचा?"

"हो."

"पण आपण तर..."

"बाबा, कोणाला माहितीये? तुम्ही फक्त मान हलवा. चौथा गोल शिडीने डोक्याने मारला, एवढं लक्षात ठेवा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाकार्यातला सदरा बाहेर काढला आणि स्वतः इस्त्री केली, कॉलर दोनदा. आठ दिवस रोज तो सदरा हँगरवरून काढून बघत होते. मला मात्र धास्ती वाटायला लागली. माझं काय, मी निगरगट्ट आहे. पण या वयात, आपल्याच टीमसमोर, माझ्या थापेपायी या माणसाला कोणी खोटं म्हटलं तर? रद्द करू म्हटलं तर सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, "ताई, वडिलांचं नाव पत्रिकेवर छापलंय."

रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये आम्ही पाच साक्षीदार ओळीने बसलो. बाबा टोकाला, ताठ. पहिले आजोबा म्हणाले, चौथा गोल पेनल्टीवर झाला. दुसरे म्हणाले, छे, मुसळधार पावसात, कॉर्नरवरून. तिसरे म्हणाले, पाऊस कुठला, धुळीने डोळे भरले होते. मला जरा धीर आला. म्हटलं, इथे सगळी आपलीच बिरादरी दिसते.

माझी पाळी आली. मी गोष्ट हातचा मळ असल्यासारखी सांगितली. शिडी उडाला, डोकं लागलं, जाळं हललं. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी मफलर घेऊन बाबांकडे निघाले आणि मागच्या रांगेतून एक काठी वर झाली.

"मी इथला गेटवाला होतो, या बापलेकीला दर शनिवारी आत सोडायचो," काठीमागचे म्हातारे उभे राहत म्हणाले. "मॅच संपेपर्यंत गेट उघडायचं नाही, असा नियम होता. एकतीस वर्षांत मी तो एकदाच मोडला. तो याच मॅचला, आणि या बाईंसाठी."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाबा उठले. "खरं आहे," ते म्हणाले. "चूक माझी. मला बस गाठायची होती."

"कसली बस?" गेटवाले म्हणाले. "पोरीने भोकाड पसरलं होतं. 'आपली टीम घाण आहे, मला घरी न्या,' एकच धोशा. तुम्ही हात जोडलेत माझ्यापुढे, म्हणून कुलूप काढलं."

हॉल असा हसला की भिंतीवरचे फोटो हलले असतील. सेक्रेटरी माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझं रक्त काढताना तुम्ही..." त्यांचा हात आपोआप दंडावर गेला. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. मी बाबांकडे बघत होते. ते मान खाली घालून सदऱ्याचं बटण चाचपत होते.

मी माइक ओढला. "थाप माझी आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षांची. त्यांनी फक्त माझी बाजू सावरली. मला काय बोलायचं ते बोला."

"मफलर द्या हो त्यांना," गेटवाले म्हणाले. "हे गृहस्थ गेटातून उलटे चालत गेले होते, मैदानाकडे तोंड करून. दिसेल तेवढं बघत. इतक्या वर्षांत तसं कोणी गेलेलं मी पाहिलं नाही."

सेक्रेटरींनी मफलर बाबांच्या गळ्यात घातला. टाळ्या माझ्या वेळेपेक्षा जास्त वाजल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर ती आणखी एक थाप होईल.

नंतर आजच्या टीमची मैत्रीपूर्ण मॅच होती. फळ्या जाऊन आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात. बाबा मफलर लावून बसले होते, नजर बॉलवर.

"बाबा, मी खरंच रडत होते?"

"थोडीशी."

"मग तुम्ही आयुष्यभर बसचं का सांगितलंत?"

"बसही गाठायची होतीच की."

मी पुढे विचारलं, "आणि स्टॉपवर? चौथा खाल्ला, पाचवा खाल्ला?"

"अगं, समोरच्या टीमची माणसं एका बसमध्ये मावतील एवढी," बाबा म्हणाले, बॉलवरची नजर न काढता. "ती ओरडली तर स्टॉपपर्यंत ऐकू तरी येईल का? आपलं अख्खं मैदान ओरडत होतं. ते मला कळणार नाही होय?"

"मग खोटं का सांगितलंत?"

"तू नुकती रडायची थांबली होतीस. आपण जिंकतोय म्हटलं असतं तर बाहेर का आलो म्हणून पुन्हा सुरू झाली असतीस. गेटला तर कुलूप लागलं होतं."

"पण सकाळी कळलंच ना मला."

"रात्रभर तरी झोपलीस."

चार गोल. त्यांच्या टीमचे, त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे चार गोल, भिंतीपलीकडून कानावर येत होते, आणि हा माणूस माझ्यासाठी चेहरा पाडून उभा होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाबांनी ते पाहिलं आणि घाईघाईने उठले.

"चल," म्हणाले, "घरी जाऊ. ही मॅच काही खास नाही."

मॅच एक-एक होती, वीस मिनिटं बाकी होती. मी त्यांचा इस्त्रीचा सदरा धरला आणि त्यांना खाली बसवलं. आम्ही शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो. आमच्या टीमने आणखी तीन गोल खाल्ले, आणि ते सगळे आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिले.