गुलबदनचं खानदान

विलायती मांजरांची पैदास करायची, तर आधी काय काय पाहावं लागतं, हे सगळ्या सिंदी मेघे गावात एकट्या नलूलाच ठाऊक होतं. निदान नववीच्या वर्गात तिने तसं जाहीर केलं होतं! बदली होऊन गेलेल्या रेल्वेच्या डॉक्टरांच्या बायकोने आपली पांढरीशुभ्र, झुबकेदार शेपटीची गुलबदन तिच्या पदरात टाकली, आणि नलू मुलीच्या बापासारखी वर शोधायला लागली. वर इराणी हवा, पांढरा हवा, घराणं निष्कलंक हवं! नागपूरच्या एका वकिलांकडे तसा बोका आहे, असं कळलं. बस्स! सोयरीक जमायच्या आधीच तिने अर्ध्या वर्गाला आणि मुख्याध्यापिकाबाईंनाही एकेक पांढरं पिल्लू कबूल करून टाकलं.

तोवर गुलबदनला गावठी बोक्यांपासून जपायचं होतं. शेजारच्या देवकाबाईंचा काळा बोका म्हणजे तर आळीतला नामांकित मवाली! म्हणून नलूने गुलबदनला वडिलांच्या नकळत कापसाच्या कोठीत ठेवलं. दाराला कडी, आत ढगासारखी गादी, दोन वेळा दूध. वर कौलांत केवढं भगदाड होतं, ते काही तिने पाहिलं नाही.

कोठीतला कापूस तिच्या वडिलांनी, किसनरावांनी, दर चढेपर्यंत राखून ठेवला होता. त्यांच्या कापसात कधी पाल्याची काडी सापडली नाही. बाजारात त्यांची बैलबंडी शिरली, की व्यापारी हातातला चहा खाली ठेवत. आयुष्यात त्या माणसाला गर्व म्हणून एवढाच.

गुलबदन फुगत चालली. आई म्हणाली, "नलू, हे दुधाचं फुगणं नाई, बाई." खानदानी मांजरांचा बांधाच भारदस्त असतो, असं नलूने आईला समजावून सांगितलं.

वर्ध्याच्या बाजारासाठी बंडी रात्रीच भरून ठेवली होती; सकाळी गुलबदन कुठे दिसेना. भूक लागली की येईल, म्हणत नलू खुशाल वडिलांशेजारी चढून बसली. वर्ध्यात आणखी कोणाला पिल्लू कबूल करता येतं का, तेही पाहायचं होतं.

बाजारात कापसाचे व्यापारी ओमप्रकाशशेठने नेहमीच्या भरवशाने कापसात कोपरापर्यंत हात घातला, आणि असा ओरडला, की शेजारच्या बंडीचे बैल उधळले! मनगटावर लाल ओरखडे. त्यावर फुंकर घालत तो म्हणाला, "किसनराव, तुमच्या कापसाले नखं काऊन फुटले?"

मग त्याने जपून मूठभर कापूस उपसला. त्यात हे लांबच लांब केस! घोळका जमला. वजन वाढवायला किसनराव आता काहीबाही मिसळून राह्यले, असं मागून कोणी तरी बोललं. किसनरावांना कशाचाच पत्ता नव्हता; ते एक केस बोटांत धरून उन्हात निरखत राहिले. नलूला वाटलं, बंडीखाली शिरावं आणि तिथेच राहावं. पण बाप चोरासारखा उभा होता.

"बाबानं काई नाई मिसळवलं," ती कशीबशी म्हणाली. "मांजर माही हाय. मीच ठेवली होती कोठीत."

तेवढ्यात कापूस हलला आणि तोंडात पिल्लू धरून गुलबदन बाहेर आली. शेठने चाचपडून आणखी दोन काढली. तिन्ही कोळशासारखी काळी! घोळक्यात त्यांच्याच गावचा एक कवडू होता. तो शांतपणे म्हणाला, "हे तं देवकाबाईच्या बोक्याचं खानदान."

सगळा बाजार हसला. कापूस मात्र तसाच परत आला. मग आठवडाभर सारं घर अंगणात बसून केस वेचत होतं, आणि सगळ्यांत मोठा ढीग नलूने मुकाट्याने आपल्यापुढे ओढला होता. किसनराव एका शब्दाने रागावले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

पुढे तोच कापूस पहिल्या प्रतीचा ठरला. पण तेव्हापासून किसनरावांची बंडी आली, की व्यापारी आधी कापसापाशी वाकून अदबीने विचारतात, "म्याऊ?"

उत्तर आलं नाही, तरच हात घालतात.