राजनगरची स्वारी आणि ओगले यांचे गुडघे

श्रीगजानन प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. प्रवासास निघाल्या सकळ जनांची पादत्राणे शाबूत राहोत आणि चहा वेळेवर मिळो. आपण आज्ञा केली जे, राजनगरच्या स्वारीत काठीचे प्रकरण काय जाहले ते साद्यंत लिहावे, पदरचे घालू नये. त्यावरून जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, दक्षिण देशी राजनगराच्या स्टेशनाबाहेर एक राज्य स्थापन जाहले. राज्यास नाव नव्हते. भूमी म्हणावी तर सहा चाकांवरची बस, तख्त म्हणावे तर चालकाशेजारची घडीची खुर्ची, आणि निशाण म्हणावे तर पिवळी छत्री. ती छत्री उंच धरून कौस्तुभ नामे सरदार पुढे चाले आणि रयत मागे चाले. सरदार तिशीतला, आवाजाने खणखणीत, आणि रयतेस काका-काकू म्हणून कह्यात ठेवण्यात बहुत हुशार. रयत म्हणजे गावोगावचे लोक, एकमेकांचे तोंड कधी न पाहिलेले, प्रत्येकाच्या पिशवीत चिवडा. संवत्सराचे नाव क्रोधी, तरी या राज्यात कोणी कोणावर फारसे रागावले नाही, सांबारात गूळ निघाला तेवढे एक प्रकरण वगळून.

या रयतेत चिपळूणच्या कालिंदीबाई ओगले होत्या. त्यांचे यजमान मनोहरपंत मोठे भले गृहस्थ, परंतु उंबरठा ओलांडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येई. राजनगरचा राजवाडा संध्याकाळी दिव्यांनी उजळतो, तो एकदा डोळ्यांनी पाहावा, ही बाईंची लग्नापासूनची हौस, आणि 'पुढच्या वर्षी नक्की' हे मनोहरपंतांचे लग्नापासूनचे उत्तर. आधी घराची कौले आडवी आली, मग मुलीच्या परीक्षा आडव्या आल्या, आणि मग गुडघे आले ते घरजावयासारखे ठाणच मांडून बसले. लग्न असो, मुंज असो, बाई एकट्या जात, आणि दारातच कोणी पुसे, 'एकट्याच?', तेव्हा बाई चपला काढता काढता सांगत, 'हे घरी आहेत. गुडघे दुखतात त्यांचे.' हे वाक्य इतकी वर्षे सांगितले की जिभेस ते पाठ जाहले. मग गेल्या श्रावणात मनोहरपंत निवर्तले. त्या दिवसापासून आळीतले लोक बाईंशी हळू आवाजात बोलू लागले. भाजीवालीही कोथिंबिरीचा भाव हळू सांगू लागली. आणि मनोहरपंतांचे नाव तर कोणी काढीचना, काढले तर बाईंना दुःख होईल म्हणून. बाई या मायेने कासावीस जाहल्या. तेव्हा कन्या मीनल हिने आईस न पुसता स्वारीत नाव घातले आणि सांगितले, 'आई, तू जा. तिथे तुला कोणी ओळखत नाही.' बाईंस तेवढेच हवे होते.

मग बस निघाली आणि सरदारांनी फर्मावले, 'काका-काकू, आता ओळख! नाव, गाव, आणि सोबत कोण, एवढंच सांगायचं. फार लांबण लावायची नाही.' आणि माईक हातोहात फिरू लागला, आणि जो तो नाव सांगे आणि सारे टाळ्या वाजवीत. कालिंदीबाईंनी आपले वाक्य घोकून ठेविले होते: मी कालिंदी ओगले, चिपळूण, एकटीच आले आहे, संपले. ते त्यांनी नीट सांगितलेही. परंतु पुढच्या आसनावर नागपूरच्या लतिकाबाई बोकडे होत्या, स्वभावाने गोड आणि चौकशीस पक्क्या. त्यांनी मान वळवून पुसिले, 'एकट्याच? अन् मिस्टर?' आणि कालिंदीबाईंच्या तोंडून, माईक तोंडाशी असतानाच, निघून गेले, 'हे घरी आहेत. गुडघे दुखतात त्यांचे.' टाळ्या जाहल्या. माईक पुढे गेला. माईक परत मागावा तर काय म्हणून मागावा? सांगावे तर बिचारी होणे आले, लबाड ठरणे आले, आणि तिसरे सर्वांत कठीण, मनोहरपंतांना आपल्याच तोंडाने पुन्हा एकदा मारणे आले. त्यांनी ठरविले की आता नको, चहाच्या वेळी सांगू.

परंतु चहाच्या वेळेपर्यंत ओगले यांचे गुडघे हा साऱ्या राज्याचा कारभार होऊन बसला होता. कोणी म्हणे निर्गुंडीचे तेल लावावे, कोणी म्हणे मेथीचे लाडू द्यावे, कोणी म्हणे ऑपरेशनच करून टाकावे. सर्वांत पुढे लतिकाबाईंचे यजमान गोविंदराव, कारण ते स्वतः गुडघ्यांचे जुने रोगी. ते म्हणाले, 'मी काय म्हनतो वहिनी, हे दुखनं ज्याचं त्यालेच समजते. काय काय करतात ते दिवसभर, सांगा बरं.' आणि कालिंदीबाईंनी सांगितले की चहात साखर चालत नाही, गूळ लागतो, आणि वर्तमानपत्रातले कोडे पेनाने सोडवतात, चुकले की गिरवत बसतात पण खोडत नाहीत. सारे हसले. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आले की श्रावणापासून मनोहरपंतांचे नाव असे मोठ्याने, हसत, कोणी घेतलेच नव्हते. मग चहाचा कप रिकामा जाहला आणि सांगायचे ते राहूनच गेले.

मुक्कामी सरदारांनी खोल्या वाटल्या. एकट्या आलेल्या दोन बाया एका खोलीत, ऐसा या स्वाऱ्यांचा रिवाज. कालिंदीबाईंच्या वाट्यास कराडकडच्या तानूबाई खराडे आल्या, घरच्या म्हशी सुनेच्या हवाली करून निघालेल्या, बोलणे थोडे, नजर तीक्ष्ण. जेवणाआधी जो तो घरी फोन करू लागला. कालिंदीबाई वारा घेण्यास गॅलरीत उभ्या राहिल्या, तो शेजारच्या गॅलरीतून लतिकाबाईंनी पुसिले, 'लावला का वहिनी घरी फोन?' बाईंची त्रेधा उडाली, आणि हातात होती ती चष्म्याची डबी त्यांनी कानास लाविली, आणि म्हणाल्या, 'हो, तोच चालू आहे.' लतिकाबाई समाधान पावून आत गेल्या. डबी खाली घ्यावी ना, परंतु बाईंनी ती घेतली नाही. त्या म्हणाल्या, 'जेवलात का? आमटी गरम करून घ्या. मी पोचले हो. शहर छान आहे, रस्ते रुंद आहेत. उद्या डोंगरावर देवीला जायचंय. तुम्ही असता तर आला नसताच, माहीत आहे मला.' आणि बराच वेळ बोलल्या. खोलीत तानूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मेजावर कालिंदीबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तानूबाईंनी फोनाकडे पाहिले, गॅलरीकडे पाहिले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग बाई आत आल्या तेव्हा तानूबाई एवढेच म्हणाल्या, 'पाणी भरून ठेवलंय तांब्यात. प्या.'

दुसऱ्या दिवशी आसने फिरली. आज खिडकीस बसला तो उद्या कडेस, कोणी कुरकुर करू नये, ऐसा राज्याचा दुसरा रिवाज. त्यायोगे गोविंदराव आणि कालिंदीबाई एकाच रांगेत आले. स्वारी डोंगराखाली थांबली आणि पायऱ्या पाहून निम्मी रयत खालीच बसली. परंतु गोविंदराव काठी टेकीत, कण्हत, चढत गेले, आणि कालिंदीबाई कठडा धरून त्यांच्या मागे चढल्या, आणि तानूबाई व लतिकाबाई त्यांच्या मागे. वर गोविंदरावांनी नारळ फोडला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, 'माये, माझं राहू दे. चिपळूनच्या ओगल्यांच्या गुडघ्यांले आराम पडू दे.' कालिंदीबाईंनी पदर तोंडास लाविला. लतिकाबाई खाली उतरल्यावर सर्वांस सांगती जाहल्या की बघा, वहिनींचा किती जीव आहे मिस्टरांवर. ते खरेच होते, म्हणून बाईंस अधिकच लागले. परत बसमध्ये गोविंदरावांनी धोशा लाविला, 'वहिनी, ओगले साहेबांले व्हिडिओवर घ्या नं. दोघं गुडघेवाले बोलून घेऊ.' कालिंदीबाईंचा चेहरा उतरला. तो मागून तानूबाई गरजल्या, 'आवं, दुपारचं झोपलं आसत्याल! कशापायी उठिवताय मानसाला?' गोविंदराव म्हणाले, 'हौ, तेही खरं.' कालिंदीबाईंनी मागे वळून पाहिले. तानूबाई खिडकीबाहेर पाहात शेंगा फोडीत होत्या. तेव्हा बाई समजल्या की हिला सारे ठाऊक आहे, आणि त्यांना लाज वाटली आणि आधारही वाटला.

मग बाजार जाहला. रयतेने उदबत्त्या, चंदनी साबण, रेशमी साड्या, जे दिसेल ते उचलले. आणि संध्याकाळी पिवळ्या छत्रीमागे सारे राजवाड्यापुढच्या हिरवळीवर जमले. दिवे लागावयास थोडा अवकाश होता. तेव्हा गोविंदरावांनी लांब कागदी पुडके पुढे आणिले आणि सोडिले, तो आतून काळी शिसवी काठी, मुठीवर हत्ती कोरलेला. ते म्हणाले, 'वहिनी, हे साऱ्या बसकडून. ओगले साहेबांले द्या. म्हना, घरात बसू नका, पुढल्या वर्षी या आमच्यासंगं.' सारे टाळ्या वाजवू लागले, आणि त्याच क्षणी राजवाड्याचे दिवे लागले, कळसापासून पायथ्यापर्यंत एकदम, आणि बँड सुरू जाहला, आणि सारा वाडा सोन्याचा होऊन उभा राहिला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होते, आणि हातात काठी, आणि कानात 'पुढल्या वर्षी'. कालिंदीबाईंना ते सोसेना. त्या म्हणाल्या, 'भाऊ, ही काठी मी त्यांना नाही देऊ शकणार. हे गेले. श्रावणातच गेले.' टाळ्या थांबल्या. बँड वाजतच होता. बाई म्हणाल्या, 'मुद्दाम खोटं नाही बोलले हो. तोंडात बसलेलं वाक्य, निघून गेलं. आणि मग तुम्ही सगळे त्यांच्याविषयी विचारायला लागलात. घरी माझ्यासमोर कोणी त्यांचं नावही काढत नाही. मला वाटलं, दोन दिवस असू देत. घरी आहेत, गुडघे दुखताहेत, असू देत.' आणि त्या रडल्या, सर्वांसमोर, जशा श्रावणातही रडल्या नव्हत्या.

गोविंदराव हळूहळू, एक एक पाय सावरीत, हिरवळीवर बसले. लतिकाबाईंनी कालिंदीबाईंचा हात धरून ठेविला. मग गोविंदरावांनी पुसिले, 'चहात गूळ घालत होते, ते?'

'खरं आहे.'

'अन् कोडं पेनानं?'

'पेनानंच. चुकलं तरी गिरवत बसायचे.'

'मंग मानूस तर तुम्ही खराच सांगितला न बाप्पा,' गोविंदराव म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. 'लय आवडला मले तो. भेट तेवढी राहिली.' मग म्हणाले, 'फक्त त्या देवीले मी काय सांगू? नारळ तर फोडून बसलो.' तेव्हा तानूबाई पुढे जाहल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'नारळ वाया न्हाई जायचा. गुडघं हायती की हितं. हिचं! डोंगर चढताना कठडा कसा धरत हुती, बगितलं न्हाईसा? सकाळी उठली तवा पलंगाला धरून उठली. पर सांगंल तर शपथ. नवऱ्याचं गुडघं सांगण्यात हिचा जलम गेला, हिला कुनी इचारलंच न्हाई.' आणि त्यांनी काठी उचलून कालिंदीबाईंच्या हाती दिली. 'धर. उंची तुलाच बरोबर हाय.' कालिंदीबाईंनी काठी टेकून पाहिली. उंची खरोखरच बरोबर होती. मग सरदारांनी छत्री उंच केली आणि म्हणाले, 'काका-काकू, दिवे थोडाच वेळ असतात. बघून घ्या.' आणि सारी रयत कालिंदीबाईंच्या भोवती बसून राजवाडा पाहात राहिली. त्या संध्याकाळी निर्गुंडीच्या तेलाची बाटली ज्याची होती त्याने ती खोलीवर पोचती केली, आणि तानूबाईंनी बाईंचे गुडघे म्हशीस चोळावे तैसे चोळले. बाई ओरडल्या, आणि दोघी हसल्या.

शेवटच्या सकाळी स्टेशनाकडे जाताना सरदारांनी पुन्हा माईक फिरविला, ऐसा राज्याचा शेवटचा रिवाज. माईक कालिंदीबाईंकडे आला तेव्हा लतिकाबाईंनी मान वळविली, परंतु या वेळी पुसिले काही नाही. बाई उभ्या राहिल्या, काठी टेकून, आणि म्हणाल्या, 'मी कालिंदी ओगले, चिपळूण. माझे यजमान गेल्या श्रावणात गेले. गुडघे माझेही दुखतात. पण मी आले.' टाळ्या जाहल्या, जैशा सर्वांस जाहल्या तैशाच, ना हळू ना जोरात, आणि माईक पुढे गेला. मागून तानूबाईंनी शेंगांचा पुडा पुढे सारला.

सारांश, स्टेशनाच्या दारात पिवळी छत्री मिटली आणि ते राज्य बुडाले, आणि रयत आपापल्या गाड्यांनी पांगली. जिंकले कोणी काही नाही. काठी चिपळुणास सुखरूप पोचली. आळीतल्या बायकांस वाटले, बाई ती मनोहरपंतांच्या तसबिरीखाली ठेवतील. ठेविली नाही. ती वापरात आहे. येथे लेखणी ठेवली.