नरहररावांचं नवं खानदान

नरहरराव सरांच्या इडलीपात्रात इडली झालेली कुणी पाहिलेली नाही. त्यात विशाखापट्टणमहून आलेले समुद्री स्पंजाचे तुकडे स्पिरिटमध्ये बुडवलेले असत. राज्यात दारूबंदी आली तेव्हा त्या वासावर आमच्या काचीगुड्यातली दोन-तीन सभ्य माणसं सरांची तब्येत विचारायला येऊ लागली. सर त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवत. ती पुन्हा फिरकत नसत.

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या या शेजाऱ्यांचा सगळा जीव बार्नॅकलमध्ये. शेंगदाण्याएवढा कवचातला प्राणी, जन्मभर स्पंजाच्या पोटात राहतो. "डोकं चिकटवून बसतो आणि पायांनी जेवतो," हे सर लग्नाच्या पंगतीत, नेमकं श्रीखंड वाढताना सांगत. बार्नॅकलची ओळख पायांवरून पटते म्हणे. माझ्या बहिणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा सर तासभर त्याच्या पायांकडेच बघत होते. बिचाऱ्यानं शेवटी मोजे घातले.

एकदा असा एक बार्नॅकल निघाला, की तो कुठल्याच ज्ञात गटात बसेना.

"सुधाकर," सर मला म्हणाले, "नुसती नवी जाती नाही रे, नवी प्रजाती! नवं पोर नाही, अख्खं नवं खानदान!"

जो आधी छापेल, त्यानं दिलेलं नाव टिकतं. जपानातही कुणी याच प्राण्याच्या मागे असल्याची कुणकुण होती. सरांचा लेख टाइप होऊन तयार होता, फक्त चित्रं राहिली होती. माझ्या मेव्हण्याच्या लॅबमध्ये तेव्हा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढणारं नवंकोरं परदेशी यंत्र आलं होतं.

"फोटो काढून देतो म्हणाला, सर. एका दिवसाचं काम."

"नक्को."

"का पण?"

"फोटोत पाय दिसतात, पायांचा स्वभाव दिसत नाही."

असं वर्षभर चाललं. एका रविवारी माझं डोकंच फिरलं. "सर, तो जपानी छापून मोकळा होईल आणि तुम्ही बसाल स्वभाव बघत!"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोल. हिचा मोतीबिंदू पिकायचा आहे अजून. त्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतो डॉक्टर."

मला काही कळेना.

"माझ्या प्रत्येक लेखातली चित्रं हिचीच आहेत रे. एकेक ठिपका देऊन काढलेली. आता फोटो लावले, तर तिला वाटेल, आपली गरज संपली."

"आणि जपानी?"

"छापू दे की. खानदान त्याचं होईल," सर म्हणाले.

तेवढ्यात काकू एका हातानं भिंत चाचपत चहा घेऊन आल्या. "माझ्यापायी तर काम अडलं नाही ना हो?"

"छे गं! मलाच अजून शंका आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी उठून काकूंच्या हातातली कलती कपबशी चहा सांडायच्या आत अलगद स्वतःकडे घेतली.