'येते' नाही, 'जाते'

आमच्या शेजारच्या परब सरांकडून निघताना 'येते' म्हणायची सोय नाही. म्हटलंत की दारात हात आडवा. "येते नाही. जाते म्हणायचं."

आपल्यात 'जाते' म्हणणं अशुभ, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सरांनी तीस वर्षं तुरुंगात शिकवलं, कैद्यांना दहावीला बसवलं. सुटणारा माणूस सवयीने "येतो हां, सर" म्हणाला की हे खवळायचे. "परत येतोस? जातो म्हण, मेल्या!" तिथे ठीक होतं हो. पण चारकोपच्या सोसायटीत? सत्यनारायणाला आलेल्या ऐंशीच्या आजींकडूनही यांनी 'जाते' वदवून घेतलं.

आमच्याकडे 'चोर' हा शब्दही बंद. माझा बांगडा पळवून मांजर समोर मिशा चाटत होतं, तरी सरांच्या मते ते आरोपी. "शाबित झालंय का अजून?"

गेल्या रविवारी माझ्या प्राजक्ताला बघायला मंडळी आली. सर न बोलावता हजर. पोहे झाले, मुलगा प्राजक्ताला मनापासून आवडला. मुलाची आई उठली, "बरंय, येतो आम्ही."

"जातो म्हणा," सर म्हणाले.

बाईंचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, आम्ही शेजाऱ्याच्या तोंडून नकार कळवला. दोन दिवस तिकडून फोन नाही आणि पोरगी धड जेवेना. माझं डोकंच फिरलं. थेट सरांच्या घरात शिरले.

"तुमच्या शिकवणीने माझ्या पोरीची वाट लागली. आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि त्यांना 'या' म्हणा."

सरांनी मुकाट्याने लावला. "मी परब, शेजारचा. चूक माझी, मुलीची नाही. तुम्ही..." पुढे इतका वेळ गेला की पलीकडून दोनदा हॅलो आलं. "या. नक्की या."

बाई हसल्या, रविवारी येतो म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. सर मात्र चष्मा काढून बसले होते.

"काय झालं, सर?"

"सवय नाही गं. एवढ्या जणांना शिकवलं, एकालाही घरी ये म्हटलं नाही. मागच्या महिन्यात मार्केटात एक दिसला. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला. सोबत बायको, कडेवर मुलगी. मला हाक मारणार होता."

"मग?"

"मग काय, मी मान वळवून मेथीच्या जुड्या बघत राहिलो. बायकोने विचारलं असतं ना त्याला, हे सर कुठल्या शाळेतले?"