बस्त्याव अंकलचा ऊसमळा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बस्त्याव अंकलनी पॅरिसमधल्या एका बाईची साखर बंद केली होती. बाई खरी नव्हती, कादंबरीतली होती, तीही दीडशे वर्षांपूर्वीची. पण अंकल तिच्यावर असे चिडायचे, जणू ती इथे ओमानात, दार्सैतमध्येच आमच्या समोरच्या बिल्डिंगीत राहते.

अंकल वसईचे. लग्न केलं नाही. तीस वर्षं इथल्याच कुरुम भागातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. फ्रेंच पाहुणे खोलीत जुनी पुस्तकं विसरून जायचे. ती वाचता यावीत म्हणून अंकल पाहुण्यांकडूनच फ्रेंच शिकले. शुक्रवारी दुपारी पुस्तक घेऊन आमच्याकडे चहाला यायचे आणि मराठीत गोष्ट सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची.

त्या काळी फ्रेंचांनी दूरदूरची बेटं, आफ्रिकेतले मुलूख ताब्यात घेतले होते. गोष्टीत मात्र ते सगळं ओझरतं. बाई कॉफीत साखर घालते, शाल पांघरते, पिंजऱ्यातल्या पोपटाशी बोलते. तेवढ्यात अंकल पुस्तक मिटायचे. "माणूस कुठंय? साखर काय नळाला येते?" मग पेन्सिलीने समासात मराठीतून माणूस घालायचे. ऊस तोडणारा, त्याचा गुडघा दुखतो. शाल विणणारा. पोपट पकडणाऱ्याला तर त्यांनी पोपटाने चावलेलं बोटही दिलं होतं.

नावं आमच्या बिल्डिंगमधली. ऊस तोडायला आमचे हे, युसूफ.

"अंकल, आठवडाभर गच्च्यांवर एसी दुरुस्त करतो," हे म्हणाले. "सुट्टीला ऊस तोडू?"

"थांब, तुला सूट देतो."

इथे ओमानात उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. अंकलनी तो नियम त्या बेटावर लावला. शुक्रवारची सुट्टीही दिली. मळ्याचा मालक, म्हणजे आपला अर्बाब, समासात थयथयाट करू लागला. साखर कमी पडली. पॅरिसच्या बाईने पाहुण्यांना कडू कॉफी पाजली आणि तिच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं.

"बरं झालं!" हे म्हणाले.

मी दारातून म्हटलं, "मुलीचा काय दोष?"

अंकलनी जरा विचार केला आणि नवऱ्यामुलाला बिनसाखरेची कॉफी आवडायला लावली. लग्न पुन्हा जमलं.

अडलं पुढेच. तो अर्बाब म्हणजे त्या मुलीचा काका. घरात नकोसा झाला म्हणून तरुणपणी बेटावर धाडलेला.

"या गोष्टींत काकाचं ठरलेलं असतं," अंकल म्हणाले. "तिकडे जायचं, श्रीमंत व्हायचं, आणि लग्नाच्या आधी तापाने एका ओळीत मरायचं. हुंडा पोचतो, काका नाही. मी याला लग्नाला नेणार."

"वा! आमच्याकडून ऊस तोडून घेतला आणि हा लग्नाला? आधी आम्हाला सोडा," हे म्हणाले.

अंकलना पटलं. "यल्ला, चला" म्हणून त्यांनी सगळे ऊस तोडणारे जहाजात बसवले आणि आपापल्या घरी पोचवले. मळा खलास. मग एकट्या उरलेल्या काकाला पॅरिसला आणून दारात उभं केलं. तिथे पेन्सिल थांबली. दोन शुक्रवार काका दारातच.

"एवढं काय अडलंय?" ह्यांनी विचारलं.

"आतले काय म्हणतील, कळत नाही." अंकलनी मोबाइल पुढे केला. वसईहून भावाचा निरोप होता. पुतणीचं लग्न ठरलंय, तू या वयात दगदग करू नकोस, व्हिडिओवर बघ. अंकलनी तिकीट मात्र काढून ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आत्ता आम्हाला दाखवलं.

मग ते माझ्याकडे वळले. "भाभी, तुम्ही सांगा. दार उघडलं, समोर काका. काय म्हणतील?"

मी म्हटलं, "म्हणतील कशाला? आधी आत घेऊन पाणी देतील."

"ओळखलंच नाही तर?"

"तरी पाणी देतातच, अंकल. पिता पिता ओळखतील."

अंकलनी पुस्तक पुढे ओढलं. पेन्सिल उचलली, लिहिलं काहीच नाही.

"जाऊ म्हणता?"

मी मान डोलावली. आमचे हे विमानतळावर सोडायला गाडीची किल्ली घेऊन उठलेच. विमानाला अजून दोन दिवस होते.